माणसाहून मोठं पान: सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका एचिंगमधली प्रतीकं कशी वाचायची

गेल्या काही वर्षांत जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी आपले संग्रह इंटरनेटवर खुले केले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७मध्ये स्वामित्वहक्क संपलेल्या लाखो कलाकृतींची छायाचित्रं कुणालाही फुकट वापरायला देऊन टाकली. त्यामुळे झालं असं, की जी काळी-पांढरी छापील चित्रं आजवर खोक्यांत बंद असायची आणि अभ्यासकांनी मागितली तरच बाहेर निघायची, ती आता आपल्या मोबाइलवर येऊन पडतात. सोबत दोन ओळींची माहिती असते. त्यात ‘क्षणभंगुरतेचं प्रतीक’, ‘मृत्यूची जाणीव’ असे शब्द असतात, आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. हे सगळं यांना दिसलं कुठे?

अशाच एका चित्राबद्दल हा लेख आहे. कार्ल विल्हेल्म कोल्बे या जर्मन कलावंताने १८०१मध्ये केलेलं हे एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. नाव ‘मीही आर्केडियात होतो’. आर्केडिया म्हणजे कवींच्या कल्पनेतला सुखाचा देश. चित्रात एक तरुण जोडपं आहे, एक दगडी थडगं आहे, आणि त्यांच्याभोवती माणसाला गिळून टाकतील एवढी प्रचंड पानं आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे मुलांच्या परीकथेतलं चित्र असावं. तसं ते नाही. पण ‘पानं एवढी मोठी का?’ हा त्याच्या मनात आलेला प्रश्न अगदी योग्य आहे. माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. बहुतेक स्पष्टीकरणं थडग्यापाशी येऊन थांबतात आणि पानांना ‘सजावट’ म्हणून सोडून देतात. तिथेच ती चुकतात.

आधी चित्रात आहे काय?

चित्र आडवं आहे, साधारण अर्धा मीटर रुंद. तरुण आणि तरुणी एकमेकांना बिलगून उभे आहेत. त्यांचा वेश प्राचीन ग्रीक-रोमन वळणाचा. जवळच त्याच वळणाचं दगडी थडगं. एवढंच असतं तर हे त्या काळी शेकड्यांनी निघालेल्या चित्रांपैकी एक ठरलं असतं. पण कोल्बेने त्यांच्याभोवती दलदलीत उगवणाऱ्या झाडोऱ्याची अशी गर्दी केली आहे की माणसं त्यात बुडाल्यासारखी दिसतात. रुंद, सुरकुतलेली, जाड शिरांची पानं. काहींच्या कडा मुडपलेल्या, काही एकमेकांवर रेललेली. मधूनच गवताची पाती आणि लांब दांडे.

आता एक पान निवडा आणि मोठं करून पाहा. मधली शीर ठळक. तिच्यातून फुटणाऱ्या उपशिरा, त्यांच्यामध्ये फुगलेले पृष्ठभाग, उजेडाकडच्या बाजूला कागद तसाच पांढरा ठेवलेला, आणि पान खाली वळतं तिथे रेघा दाट होत होत काळोखात गेलेल्या. एवढं लक्ष एकेका पानाला दिलेलं आहे. माणसांच्या चेहऱ्यांना दिलेलं नाही. चित्रकाराने जिथे सगळ्यात जास्त मेहनत घेतली, तिथे आपणही थोडा वेळ थांबावं, हा कुठलंही चित्र पाहण्याचा साधा नियम आहे.

एचिंग म्हणजे काय, आणि त्याचा प्रतीकाशी काय संबंध?

एचिंग म्हणजे आम्लाच्या साहाय्याने तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून ते कागदावर छापणं. घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर देतात. कलावंत त्या थरावर सुईने रेखाटतो. सुई जिथे फिरते तिथलं मेण निघून खालचं तांबं उघडं पडतं. मग पत्रा आम्लात ठेवायचा. त्या काळी त्यासाठी नायट्रिक आम्ल वापरत. आम्ल उघडं तांबं खातं, मेणाखालचं तांबं सुरक्षित राहतं. जिथे रेघ फिकी हवी तिथे पत्रा थोड्या वेळाने बाहेर काढून त्या रेघांवर वार्निश लावायचं आणि पत्रा पुन्हा आम्लात सोडायचा. जेवढा वेळ जास्त, तेवढी खाच खोल, तेवढी शाई जास्त, तेवढी रेघ काळी. शेवटी सगळं मेण काढून पत्र्यावर शाई चोळतात, वरची शाई पुसून घेतात, ओलसर कागद वर ठेवतात आणि जड रुळांच्या यंत्रातून ते दाबून काढतात. खाचेतली शाई कागदावर उमटते. कागदावर पत्र्याच्या कडांचा दाबही उमटतो. तो दिसला की हे खरोखरच पत्र्यावरून छापलंय हे कळतं.

ही कारागिरी इतक्या तपशिलात सांगण्याचं कारण आहे. एचिंगमध्ये रंग नसतो. तैलचित्रात लाल वस्त्र घालून एखादी व्यक्ती महत्त्वाची आहे हे सांगता येतं. इथे तसं करता येत नाही. कलावंताच्या हातात उरतात त्या रेघा, त्यांची दाटी, कोरा कागद आणि वस्तूंचे आकार. म्हणजे ‘हे महत्त्वाचं आहे’ असं सांगायचं झालं तर ते मोठं करूनच सांगावं लागतं, किंवा गडद करून, किंवा त्यावर जास्त वेळ घालवून. कोल्बेने पानांच्या बाबतीत हे तिन्ही केलं आहे.

आणखी एक गोष्ट. धातूवर थेट छिन्नीसारख्या हत्याराने कोरायचं तर हाताला जोर लावावा लागतो, त्यामुळे रेघा शिस्तबद्ध, समांतर येतात. मेणात फिरणाऱ्या सुईला जोर लागत नाही. ती लेखणीसारखी मनमोकळी वळते. वेडीवाकडी मुळं, गवत, पानांच्या सुरकुत्या यांच्यासाठी हे फार सोयीचं साधन. आणि असली चित्रं भिंतीवर लांबून पाहण्यासाठी नसत. ती फोल्डरमध्ये ठेवत, टेबलावर काढून अगदी जवळून पाहत. पाहणाऱ्याचं नाक जवळजवळ त्या पानात शिरलेलं असे.

थडगं: सगळ्यांना ठाऊक असलेलं चिन्ह

प्रतीकांचे दोन प्रकार आधी वेगळे करू. एक, रूढ प्रतीक. जुन्या मराठी सिनेमात वाऱ्याने समई विझली की पुढे कोण गेलं हे कुणी सांगावं लागत नाही. समईत तसं काही असतं म्हणून नव्हे, तर पाहणारे आणि दाखवणारे यांच्यात तसा करार झालेला असतो म्हणून. थडगं, कवटी, वाळूचं घड्याळ, मोडका खांब ही युरोपातल्या चित्रांची अशीच ठरलेली चिन्हं. दुसरा प्रकार रचनेतला. तिथे अर्थ वस्तूत नसतो. ती कुठे ठेवली, किती मोठी काढली, कुठून पाहिली यात असतो. हा प्रकार ओळखायला अवघड, कारण त्याचा कोश कुठेच मिळत नाही.

कोल्बेच्या चित्रातलं थडगं पहिल्या प्रकारचं. त्याची वंशावळ बरीच जुनी आहे. आर्केडिया हा ग्रीसमधला एक डोंगराळ प्रदेश. पण कवींनी त्याला मेंढपाळांचा सुखी देश करून टाकलं होतं. तिथे कष्ट नाहीत, भांडणं नाहीत, नुसती गाणी आणि प्रेम. सतराव्या शतकात इटलीत ग्वेर्चिनो या चित्रकाराने याच देशात दोन मेंढपाळ दाखवले. ते दगडी कट्ट्यावरच्या कवटीकडे पाहून थबकलेत. कवटीजवळ एक उंदीर आहे, एक माशी आहे. त्या कट्ट्यावर लॅटिन शब्द आहेत: एत इन आर्केडिया एगो. बोलतोय मृत्यू: आर्केडियातसुद्धा मी आहेच. म्हणजे धमकी.

पुढे फ्रेंच चित्रकार निकोला पुसँ याने हाच विषय दोनदा घेतला. पहिल्या चित्रात कवटी होती. दुसरं चित्र, जे आज लूव्हरमध्ये आहे, त्यातून कवटी गेली. मेंढपाळ शांतपणे थडग्यावरची अक्षरं वाचतायत. कवटी गेल्यामुळे बोलणाराच बदलला. आता थडग्यात असलेला माणूस बोलतोय असं लोकांना वाटू लागलं: मीही एके काळी आर्केडियात होतो. धमकीच्या जागी हुरहूर आली. हा बदल एर्विन पॅनोफ्स्की या कला-इतिहासकाराने विसाव्या शतकात फार नेमका उलगडून दाखवला.

त्यानेच सांगितलेला एक किस्सा मला आवडतो. १७६९मध्ये इंग्लंडमध्ये जोशुआ रेनॉल्ड्सने दोन स्त्रियांचं चित्र काढलं. त्यात थडगं आणि त्यावर हेच शब्द. रेनॉल्ड्सने ते मित्राला, डॉ. सॅम्युएल जॉन्सनला दाखवलं. भल्या विद्वान जॉन्सनला त्याचा अर्थच लागेना, त्याला ते निरर्थक वाटलं. रेनॉल्ड्स म्हणाला, राजाला तर एका क्षणात कळलं. तिसऱ्या जॉर्जने चित्रातलं थडगं पाहिलं आणि लगेच म्हणाला, आर्केडियातही मृत्यू आहेच. तेव्हा जुनी प्रतीकं त्या काळच्या माणसांना आपोआप कळत होती, असं समजायचं कारण नाही. त्यांच्यातही वाद होते.

कोल्बेने आपल्या चित्राला दिलेलं नाव जर्मनमध्ये आहे आणि ते पुसँच्या बाजूचं आहे. त्यात भूतकाळ आहे: होतो. म्हणजे थडग्यातला माणूसही कधीतरी असाच कुणाला बिलगून उभा होता. समोरचं जोडपं आज उभं आहे. पुढचं आपण समजून घ्यायचं. इथवर काही अडचण नाही, कुठल्याही माहितीपत्रकात हे सापडेल.

मग पानं एवढी मोठी का?

त्यासाठी कोल्बे कुठला होता हे पाहायला हवं. जन्म बर्लिनचा, १७५९चा. आईचं घराणं फ्रेंच निर्वासितांचं. पेशाने तो आधी फ्रेंच भाषेचा शिक्षक होता, जर्मनीतल्या डेसाऊ या छोट्या संस्थानी गावात. कलेकडे तो वळला तिशीच्या सुमारास. तेव्हा त्याने बर्लिनच्या कला अकादमीत धडे घेतले आणि परत डेसाऊला येऊन बसला. पुढे झुरिखमधली तीन वर्षं सोडली तर मरेपर्यंत, म्हणजे १८३५पर्यंत, त्याचं आयुष्य या टापूतच गेलं. झाडांनीच आपल्याला कलावंत केलं, अशा आशयाचं त्याने १८२५च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. त्याचे सुमारे तीनशे एचिंग आहेत आणि त्यात माणसांपेक्षा झाडांचीच वर्दळ जास्त.

डेसाऊ हे मुल्डे आणि एल्ब या नद्यांच्या संगमाजवळचं गाव. नद्यांना पूर येतो, कुरणं पाण्याखाली जातात, पाणी ओसरलं की गाळात झाडोरा माजतो. मोठ्या पानांच्या दलदली वनस्पती, बोरू-लव्हाळे, आणि आपली शेपू, बडीशेप, कोथिंबीर ज्या कुळातली त्याच कुळातल्या छत्रीसारख्या फुलोऱ्याच्या रानटी वनस्पती. हे सगळं कोल्बेच्या रोजच्या फिरण्यातलं. या झाडोऱ्याचीच त्याने पंचवीस-तीस चित्रं केली. त्यांना जर्मनमध्ये ‘वनस्पतींची पानं’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात आणि ‘मीही आर्केडियात होतो’ त्यांतलंच एक.

आता गंमत पाहा. त्या काळच्या जर्मन कलावंतांसाठी आर्केडिया म्हणजे इटली. तिकडचं स्वच्छ ऊन, सायप्रसची झाडं, रोमन अवशेष. जमेल तो तिकडे धावत होता. कोल्बेच्या चित्रात थडगं आणि वेश तेवढे इटलीकडचे. वनस्पती मात्र अस्सल डेसाऊच्या चिखलातल्या. सुखाच्या देशात त्याने गावाबाहेरचं रान आणून लावलं, आणि ते इतकं वाढवलं की देशच झाकून गेला.

वाढवलं कसं? पानं त्याने प्रत्यक्ष पाहूनच काढली आहेत. शिरा, सुरकुत्या, कडा सगळं बारकाईने निरखलेलं. बदललं ते मुख्यतः प्रमाण आणि पाहण्याची जागा. जमिनीवर पालथं पडून गवताच्या मुळाशी डोळा लावला तर जे दिसेल तिथून हे दृश्य पाहिलेलं आहे. त्या उंचीवरून कुठलंही पान आभाळ झाकतं. मग त्या किड्याच्या नजरेने पाहिलेल्या रानात त्याने माणसं नेऊन उभी केली.

याचं वेगळेपण कळायला त्याच वर्षांतलं आपल्याकडचं उदाहरण घेऊ. १८०३च्या सुमारास लंडनमध्ये टॉमस डॅनियलने वेरूळच्या लेण्यांची चोवीस चित्रं प्रसिद्ध केली. तीही तांब्यावर आम्लाने कोरलेली, फक्त रेघांऐवजी छटा उमटवण्याच्या पद्धतीने. मूळ रेखाटनं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. हा वेल्स पुण्यात राहिलेला, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारा. प्रकृती बिघडून १७९५मध्ये तो ठाण्याला वारला. अशा प्रवासी चित्रांत लेण्यासमोर दोन-चार चिमुकली माणसं हमखास असतात. त्यांचं काम एकच: युरोपात बसलेल्या वाचकाला लेणं किती प्रचंड आहे हे कळावं. माणूस तिथे मोजपट्टी आहे. कोल्बेनेही माणूस मोजपट्टी म्हणूनच वापरला, पण त्याने मोजायला घेतलं ते एक पान. राजांनी खोदून घेतलेल्या कातळाला जो मान द्यायचा तो त्याने चिखलात उगवून थंडीत कुजून जाणाऱ्या पानाला दिला.

इथे थडगं आणि पान एकत्र वाचायचं. दगड टिकावा म्हणून कोरलेला असतो. पान टिकत नाही, एका हंगामाचं असतं. व्यवहारातलं गणित असं की दगड मोठा, पान क्षुल्लक. चित्रात ते उलटं झालं आहे. आठवण राहावी म्हणून उभारलेली वस्तू हिरवाईत दबली आहे, आणि ज्याची कुणी आठवण ठेवत नाही ते तिच्यावर वाढलं आहे. माणसाच्या मरणाची दखल निसर्ग घेत नाही. तो वाढत राहतो. कदाचित त्याच मातीतून जास्तच जोमाने वाढतो. ही गोष्ट कोल्बेने कवटी न काढता आणि शब्दांत न बोलता, फक्त आकाराने सांगितली. ती दिलासा देणारी आहे की भीतीदायक? मला वाटतं दोन्ही, आणि या चित्राची ताकद त्यातच आहे. जोडपं घाबरलेलं नाही. त्या पानांत ते सुरक्षितही वाटतं आणि अडकल्यासारखंही.

‘उगाच अर्थ काढताय, त्याला फक्त पानं आवडत असतील’

हा आक्षेप मी हलका मानत नाही. कोल्बेला पानं आवडत होतीच. आणि पुरावा आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचाही आहे. याच मालिकेत ‘लव्हाळ्यातली गाय’ नावाचं एक चित्र आहे. तीच अजस्र वनस्पती, तीच दलदल, आणि त्यात पाण्यात उभी असलेली एक गाय. थडगं नाही, प्रेमिक नाहीत, आर्केडिया नाही. तिथेही मोठं पान म्हणजे मृत्यू असं म्हणायचं का? मुळीच नाही. गाय मजेत आहे.

म्हणूनच ‘पान म्हणजे मृत्यू’ असं वाचन चुकीचं. प्रतीकांच्या कोशात पान काढून पुढे अर्थ लिहिता येत नाही. पान दोन्ही चित्रांत एकच गोष्ट सांगतं: इथे मोठं कोण आणि लहान कोण, याचा तुमचा हिशेब बाजूला ठेवा. गायीच्या चित्रात हा बदललेला हिशेब नुसता नवलाचा राहतो. थडगं आणि जोडपं आलं, की तोच हिशेब आयुष्य आणि मरण यांना लागू होतो. अर्थ दोन गोष्टींच्या शेजारपणातून येतो.

पण मग वाटेल तो अर्थ लावायला मोकळीक आहे का? तीही नाही. मी स्वतः तीन गोष्टी पाहतो. चित्राचं नाव किंवा त्यावरचा मजकूर कुठे बोट दाखवतो? त्याच कलावंताच्या इतर चित्रांत ही वस्तू कशी येते? आणि त्या काळच्या पाहणाऱ्याला यातलं काय आधीच माहीत होतं? कलावंताचा कबुलीजबाब मिळाला तर उत्तम, पण पुरावा तेवढाच असतो असं नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे अगदी हाताशी आहे. डेसाऊपासून जवळच वोर्लित्झ इथे संस्थानच्या राजाने, लिओपोल्ड फ्रान्सने, भली मोठी बाग उभारली होती. तिच्यात एक छोटं बेट आहे, भोवती पॉप्लरची झाडं, आणि मधोमध रुसो या विचारवंताचं स्मारक. फ्रान्समध्ये एर्मेनोनव्हिल इथे रुसोची खरी समाधी जशा बेटावर होती, तशीच ही १७८२मध्ये केलेली प्रतिकृती. (याच राजाने बागेत एक नकली ज्वालामुखीही बांधला आणि पाहुण्यांसमोर तो पेटवून दाखवला. हौसेला मोल नसतं.) ही सगळी बाग आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तात्पर्य, हिरवाईतलं थडगं पाहायला जायचं, तिथे उभं राहून थोडं गंभीर व्हायचं, हा डेसाऊच्या सुशिक्षित लोकांचा सहलीचा कार्यक्रम होता. कोल्बेचं चित्र हातात घेणाऱ्याला ते दृश्य नवीन नव्हतं. त्याला नवीन होती ती पानं. त्या नीटनेटक्या बागेत असली पानं माळ्याने पहिल्या दिवशीच उपटून टाकली असती.

‘निसर्गचित्राने निसर्गच दाखवावा, उपदेश कशाला?’

हा वाद आजचा नाही. कोल्बेच्या या चित्रानंतर सात-आठ वर्षांनी जर्मनीत तो वर्तमानपत्रांतून गाजला. १८०८च्या नाताळात कास्पर डेव्हिड फ्रीड्रिख या जर्मन चित्रकाराने ड्रेस्डेनमधल्या आपल्या चित्रशाळेत एक तैलचित्र लोकांना दाखवलं: डोंगरमाथा, फरची झाडं, वर क्रूस, मागे मावळतं ऊन. वेदीवर ठेवण्यासाठी म्हणून काढलेलं निसर्गचित्र. रामडोर नावाच्या समीक्षकाने १८०९च्या जानेवारीत त्यावर कडाडून टीका केली. निसर्गचित्र चर्चमध्ये घुसून वेदीवर चढू पाहतंय, हा त्याचा मुख्य राग. त्याच्या लेखी धार्मिक आशय माणसांच्या कथांतून सांगायचा असतो, दगड-झाडांतून नव्हे.

फ्रीड्रिखने मग स्वतःच चित्राचा अर्थ लिहून दिला: खडक म्हणजे अढळ श्रद्धा, सदाहरित फर म्हणजे आशा, वगैरे. हे करून त्याने वाद जिंकला की हरला हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण चित्रापेक्षा त्याची किल्ली फारच बाळबोध आहे. कोल्बेचं चित्र हातात अशी किल्ली देत नाही. पण दोघांच्याही मागे एकच गोष्ट घडत होती. पूर्वी निसर्ग हा पुराणकथेमागचा पडदा असे. अर्थ पुढच्या पात्रांकडे असे. १८००च्या आसपास तो अर्थ पात्रांकडून सरकत सरकत मागच्या झाडा-दगडांत शिरला. कोल्बेच्या चित्रात हे सरकणं अर्ध्या वाटेवर पकडलेलं दिसतं: थडगं आणि ग्रीक वेश अजून आहेत, पण चित्राचा ताबा पानांनी घेतला आहे.

ओकचं काय?

एक मोह टाळायला हवा म्हणून थोडक्यात. कोल्बेला लोक ‘ओकवाला कोल्बे’ म्हणत, इतके त्याने ओकचे वृक्ष काढले. ओक हा त्या काळी जर्मन स्वाभिमानाचा वृक्ष होऊ लागला होता. नेपोलियनविरुद्धच्या लढाईत १८१३मध्ये प्रशिया या जर्मन राज्याने काढलेल्या आयर्न क्रॉस या पदकावर ओकचीच पानं आहेत. त्यात भर म्हणजे कोल्बे भाषाशुद्धीवाला होता. जर्मनमधून फ्रेंच शब्द हाकलावेत म्हणून त्याने ग्रंथ लिहिले, आणि तेही आयुष्यभर फ्रेंच शिकवून. तेव्हा त्याचे ओक म्हणजे देशभक्ती असं म्हणणं सोपं आहे. मला ते ओढूनताणून आणलेलं वाटतं. त्याचे ओक पोकळ, वाकडे, फांद्या तुटलेले आहेत. म्हातारपणी काढलेले तर निव्वळ वठलेले, भुतासारखे. ताठ उभ्या राष्ट्राचं प्रतीक म्हणून कुणी असलं झाड निवडणार नाही. वर सांगितलेल्या तीन प्रश्नांपैकी दुसरा इथे कामी येतो.

उलट तपासणी: झुरिखमधली तीन वर्षं

कोल्बे १८०५ ते १८०८ झुरिखला होता. सालोमन गेस्नर या दिवंगत कवी-चित्रकाराच्या चित्रांवरून एचिंग करण्याचं काम त्याला मिळालं होतं. गेस्नर म्हणजे मेंढपाळी सुखाच्या कवितांसाठी युरोपभर नावाजलेला, आणि कोल्बेचा आवडता. ही पंचवीस एचिंग पाहिली की त्याच्या स्वतःच्या चित्रातलं ‘त्याचं’ काय ते कळतं. हात तोच, सुई तीच, सफाई तीच. आर्केडियाही तोच. पण रचना गेस्नरची, त्यामुळे झाडं झाडांएवढी आणि माणसं माणसांएवढी. निर्झर आहेत, कमानी आहेत, शिल्पं आहेत, सगळं प्रसन्न. त्यात काहीही खटकत नाही, आणि म्हणूनच मी त्यांच्यापाशी फार वेळ थांबू शकत नाही.

स्वतः पाहताना

कोल्बेची चित्रं जर्मनी, ब्रिटन, अमेरिका इथल्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर सापडतात. पाहताना एक तांत्रिक खुबी ध्यानात ठेवा. एकाच पत्र्यावरून अनेक प्रती निघतात आणि प्रत्येक प्रतीगणिक तांबं थोडं झिजतं. सगळ्यात आधी जातात त्या उथळ, नाजूक रेघा. पानावरच्या उजेडातून सावलीत जाताना लागणाऱ्या छटा याच रेघांच्या असतात. उशिराच्या प्रतीत त्या विरळ झाल्या की पानं सपाट दिसतात, मागची दाट सावली फाटते, आणि माणसं त्या हिरवाईत बुडालेली न वाटता तिच्यापुढे चिकटवल्यासारखी वाटतात. चित्र तेच, पण वर सांगितलेला अर्थ त्यातून निम्मा उतरून जातो. म्हणून एकाच चित्राच्या दोन संग्रहालयांतल्या प्रती शेजारी-शेजारी उघडून पाहाव्यात, आणि जिच्यात सर्वांत काळ्या जागीसुद्धा रेघा सुट्या दिसतात ती धरावी.

दुसरं म्हणजे, माहितीत दिलेली लांबी-रुंदी वाचा आणि तेवढा आयत टेबलावर पट्टीने मोजा. मोबाइलवर हे चित्र तळहाताएवढं होतं आणि पानांचा दरारा संपतो. खऱ्या मापात त्यातली नुसती एक-दोन पानं तुमच्या पंजाच्या मापाशी स्पर्धा करू लागतात, तर जोडप्याचे चेहरे बोटाच्या नखात मावतील एवढेच राहतात.